रबियाभाभींचा उलटा हाका

तर रबियाभाभींनी चपला काढून हातात घेतल्या. काल इथवर आलो होतो ना? तेवढ्यात आमच्या बायकोनं, शोभानं, जेवायला हाक मारली, आम्ही उठलो, आणि रबियाभाभी बिचाऱ्या रात्रभर वाळवंटात अनवाणी उभ्या राहिल्या. आज त्यांना पुढं चालवायलाच हवं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शुक्रवार होता, जानेवारीतली छान थंडी होती, आणि आमची दोन बिऱ्हाडं मिळून दोह्याबाहेर एका कतरी माणसाच्या मजऱ्यावर सहलीला गेलेली. मजरा म्हणजे शेतघर. तिथला पाळलेला ऑरिक्स, मोठा नर, फाटकातून बाहेर पडून उघड्या वाळवंटात निघून गेला होता. ऑरिक्स म्हणजे ते पांढरं हरीण हो, इथल्या विमानांच्या शेपटीवर ज्याचं डोकं काढलेलं असतं. चित्रात गोजिरवाणं दिसतं. प्रत्यक्षात समोर आलं की आपल्याला हरीण दिसतच नाही, शिंगं दिसतात. दोन सरळसोट तलवारी, आणि त्यांच्या खाली दोन काळे डोळे. त्याचं नाव होतं नवाब.

तर ही आमची शिकार. आता शिकारी कोण, ते नीट सांगतो, कारण तेच तर सांगायचंय.

रबियाभाभी दोह्यात, बिन महमूद भागात, आमच्या समोरच्या दारात राहतात. मूळच्या संगमेश्वराकडच्या डोंगरातल्या. त्यांचे मिस्टर रहमानभाई एका ट्रेडिंग कंपनीत क्लार्क आहेत, आता निवृत्तीला आलेले. भाभींनी साठी ओलांडली असेल, पण अंगानं अशा काटक की आमच्या लिफ्टचा आणि त्यांचा फारसा परिचय नाही. जिन्यानं चढतात, जिन्यानं उतरतात. आणि चालतात! दोह्यात माणूस पायी चालताना दिसला तर लोक गाडी थांबवून विचारतात, काय झालं, गाडी बंद पडली का म्हणून. इथं चहासुद्धा गाडीत बसून पितात. दुकानासमोर गाडी लावायची, भोंगा वाजवायचा, माणूस धावत काचेपाशी येतो. त्या चहाला करक म्हणतात. आपलाच कडक तो, समुद्र ओलांडताना ड चा र झाला. तर अशा गावात ही बाई बिन महमूदहून मुशैरिबच्या बाजारापर्यंत चालत जाऊन शिवणाच्या सुया आणि लेस घेऊन येते. एकदा पार गावाच्या दुसऱ्या टोकाला, अबू हमूरला, मावसबहिणीकडं चालत निघाल्या होत्या. रहमानभाईंनी अर्ध्या वाटेवर गाठून टॅक्सीत कोंबलं.

रहमानभाई नेहमी म्हणतात, “दादा, आमच्या बाईनं पेट्रोलच्या देशात राहून पेट्रोलचा अपमान केलाय.”

भाभी म्हणतात, “आवो, पेट्रोल सरंल. माझे पाय सरतील तेव्हा बघू.”

त्यांची एक गंमत. धुळीचा वारा सुटला की आमच्या मजल्याच्या व्हरांड्यात बारीक वाळू येऊन बसते. सकाळी दार उघडून भाभी खाली बघतात, लोक पेपर वाचतात तशा. एकदा आमच्या शोभाला म्हणाल्या, “ताई, तुमची सून आज घाईत होती. टाच टेकलीच नाय.” संध्याकाळी नमिता कामावरून आली, तर खरंच बस चुकता चुकता सापडलेली! तेव्हापासून नमिता व्हरांड्यात मुद्दाम टाच टेकून चालते.

हे सगळं वडिलांकडून आलेलं. वडील दिलावर. गावात ठासणीची एकच बंदूक होती, ती त्यांच्याकडं. भातं पोटरीला आली की डोंगरातून रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत वावर लोळवून ठेवायची. मग कुणब्यांची माणसं दिलावरच्या दारात. “मियाँ, चला.” आता बघा, डुकराला दिलावर हात लावणार नाही. मटण सगळं कुणबीवाडीत जायचं. पण माग काढायचा तो दिलावरनं, बार टाकायचा तो दिलावरनं. बदल्यात त्यांच्या घरी तांदूळ यायचे, कोंबडा यायचा. आणि कधी सांबर पडलं तर मात्र वाटा. वाट्याची पद्धत भाभींनी मला इतक्यांदा सांगितलीय की मला आता तोंडपाठ आहे. हाक्यात जेवढे चालले तेवढे वाटे. ज्यानं बार टाकला त्यालाही तेवढाच. जो खिंडीत नुसता दगडासारखा बसून राहिला त्यालाही. बरोबर आलेल्या कुत्र्यालाही. घरात झोपलेल्याला मात्र काही नाही, मग तो पाटील का असेना.

आमच्या निफाडकडं कांदा आणि द्राक्षं. शिकार म्हणाल तर कुंपणात अडकलेला ससा, तोही पोरांच्या गलक्यानं पळून जायचा. त्यामुळं हाका म्हणजे काय हे मला भाभींनीच शिकवलं. गावातली माणसं डोंगराच्या एका अंगानं ओळ धरून चालत येतात, डबे वाजवतात, ओरडतात. जनावर आवाजाला भिऊन पुढं पळतं आणि पलीकडं खिंडीत बंदूकवाला बसलेला असतो तिथं जातं. सगळं पायी. भाभींना भाऊ होता, पण तो तेव्हा पाळण्यात. म्हणून मग परकर खोचून हीच पोर बापाच्या मागनं. एकदा मुंबईचे कुणी साहेब जीप घेऊन शिकारीला आले. म्हणाले, दिलावर, बस गाडीत, रान दाखव. दिलावर म्हणाला, “साहेब, तुम्ही या गाडीतनं. मी पुढं जाऊन तुमच्यासाठी चहा ठेवतो.” आणि खरंच, जीप वळणं घेत पोचली तोवर हा आडवाटेनं चढून चूल पेटवून बसलेला. शिकार त्या दिवशी कुणालाच मिळाली नाही. जीपच्या आवाजानं डोंगर रिकामा झालेला. पण चहा चांगला झाला होता म्हणे.

पुढं कायदा आला, शिकार बंद झाली, बंदूक खुंटीला लागली. दिलावर तरी रोज रानात जायचाच. नुसता माग बघत चालायचा, जनावर दिसलं की बसून बघायचा, आणि घरी येऊन पोरीला सांगायचा. मारणं गेलं, चालणं राहिलं.

आता मजऱ्यावर येऊ.

त्या मजऱ्यावर जनावरं सांभाळायला आहे हमीद, भाभींच्या त्याच पाळण्यातल्या भावाचा मुलगा. मालकाचं नाव खलील. वयस्क माणूस, जुन्या पिढीतला. त्या पिढीतल्या बऱ्याच जणांना हिंदी येतं, मुंबईशी व्यापार होता त्या काळापासून. तर हमीदचं लग्न झालं आणि हळद उतरायच्या आत तो इकडं परतला. बायको हनिया रत्नागिरीला. खलीलनं त्याला शब्द दिलेला, रमजान होऊ दे, मग तुझ्या बायकोचे कागद करू, मजऱ्यावरची मागची खोली तुम्हाला. त्या खोलीला हमीदनं स्वतः रंग दिलेला. फिकट गुलाबी. आम्ही गेलो की चहाच्या आधी ती खोली बघायची, असा नियम.

त्या शुक्रवारी मात्र चहाच्या आधी भलतंच झालं. आमच्या मिहीरनं, म्हणजे मुलानं, नवी गाडी घेतलेली. मोठी, चारी चाकं जोर लावतात ती, वाळवंटासाठीच म्हणून घेतलेली. मजऱ्याच्या दाराशी येऊन ती मऊ वाळूत रुतली! आम्ही सगळे उतरलो. रहमानभाई चाकाकडं बघून म्हणाले, “मिहीर, गाडी बसली वाटतं. दमली असेल बिचारी.” आत हमीद नवाबच्या कुंपणात गवत टाकत होता. आमचा आरडाओरडा ऐकला, आणि मेहमान अडकले म्हणून धावत आला, फावडं घेऊन. त्या धावण्यात कुंपणाच्या वाळवंटाकडच्या फाटकाची कडी लावायची राहिली.

गाडी निघाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि आत येऊन बघतो तर फाटक सताड उघडं, माद्या कोपऱ्यात उभ्या, आणि नवाब नाही.

हमीद तिथंच खाली बसला. “खलास, फुफी. नोकरी गेली. हनियाला काय सांगू मी?” फुफी म्हणजे आत्या. एवढा धिप्पाड गडी, पण गवत चिकटलेल्या हातांनी तोंड झाकून बसला तेव्हा शोभाच्या डोळ्यात पाणी आलं.

मिहीरनं लगेच किल्ली काढली. “आत्ता वळवून आणतो त्याला. गाडीपुढं किती पळेल?”

रबियाभाभींनी हात पुढं केला. मिहीरला वाटलं, त्यांना पुढं बसायचंय. त्यानं किल्ली दिली. भाभींनी ती ओढणीच्या टोकाला बांधली, गाठ मारली आणि टोक खोचून टाकलं.

“भाभी, अहो!”

“ऐक बाळा. गाडी मागं लागली की जनावराला कुठं थांबायचं ते कळत नाय. ते पळतंय, पळतंय, आणि मग सापडलं तरी उभ्या उभ्या जीव सोडतंय. जिवंत आणायचंय ना? मग चालायचं.” मग हमीदकडं वळून म्हणाल्या, “उठ. मालकाला फोन लाव आधी.”

“फुफी, तो पुतण्याला घेऊन येईल. गाड्या घेऊन.”

“येऊ दे. पण लपवाछपवी नाय.”

हमीदनं फोन लावला. तिकडून खलीलचा आवाज आम्हालाही ऐकू आला. रागावला नाही, आणि तेच जास्त भीती वाटण्यासारखं होतं. म्हणाला, थांबा तिथंच, मी गाड्या घेऊन निघालो. पुतण्याच्या गाड्या म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर उड्या मारणाऱ्या, आवाज ऐकून छातीत धडकी भरेल अशा. म्हणजे त्या गाड्या दोह्याहून यायच्या आत नवाब आत हवा. नाहीतर नवाब जायचा, आणि त्याच्यामागं हमीद, आणि ती गुलाबी खोली रिकामी.

निघालो आम्ही. पुढं भाभी, मान खाली, वाळूवर नजर. मागं आमची वरात. भाभी बोलतायत, “हा बघा खूर. दोन फाकी. इथं थांबला, वळला, इकडं बघितलंय त्यानं...” आम्ही माना डोलावतोय. एक उंचवटा चढलो, दुसरा उतरलो, आणि माग जिथं संपला तिथं शेजारच्या मजऱ्यावरचा एक दाढीवाला बोकड आमच्याकडं बघत उभा!

रहमानभाईंना तर सण झाला. “पकडा! पकडा! सोडू नका! दिलावरच्या लेकीनं शिकार गाठली!”

भाभी हसल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत. बोकडाकडं बघून म्हणाल्या, “चुकलं. संगमेश्वरात वाळू नव्हती, चिखल होता. चिखलात खूर खरं बोलतंय. वाळूत सगळेच जाडे दिसतात.” आणि सरळ मागं फिरल्या, फाटकापासून पुन्हा सुरुवात. मला तिथं त्यांचं फार कौतुक वाटलं, बरं का. माणूस चुकल्यावर पुढं रेटतो, चुकलेल्या वाटेलाच बरोबर म्हणतो. ह्या परत फाटकापाशी येऊन वाकल्या.

या वेळी माग खरा निघाला. एका खोलगट जागेकडं गेला, जिथं पावसाचं पाणी साचून बोरीची झाडं वाढलेली. भाभींनी आम्हाला दुरूनच बसवलं. स्वतः चपला काढून हातात घेतल्या, कारण चपलेचा फटक फटक आवाज कानाला नाही तर जनावराच्या छातीला लागतो असं दिलावर म्हणायचा. पुढं सरकून डोकावल्या आणि दोन बोटं वर केली. दोन बोटं म्हणजे दोन शिंगं. आहे!

काल आपण थांबलो ते इथं.

परत येऊन त्यांनी शोभाकडं तिच्या खांद्यावरच्या पिशवीतला पुऱ्यांच्या पिठाचा डबा मागितला. शोभाला वाटलं, जनावराला पुरी घालतात की काय. भाभींनी चिमूटभर कणीक हवेत सोडली. ती हलकेच फाटकाच्या दिशेनं उडाली. “माझा बा राख ठेवायचा पुरचुंडीत,” त्या म्हणाल्या. “वारा आपल्याकडनं फाटकाकडं जातोय. म्हणजे आपण लांबून वळसा घालून त्या पलीकडच्या अंगाला जायचं. मग आपला वास आणि आवाज मागनं, आणि समोर घर. जाईल कुठं?”

हमीदला फाटकाशी बसवलं, आपल्या चपलाही त्याच्यापाशीच ठेवल्या. “तू खिंडीतला. दगडासारखा बस. आत गेला की कडी लाव, तोवर जागचा हलू नकोस.”

आणि सहलीची भांडी घेऊन आम्ही हाकेवाले! काय सांगू तुम्हाला. रहमानभाईंच्या हातात कढईचं झाकण आणि झारा. शोभाकडं पातेलं आणि पळी. मिहीरकडं पाण्याचा रिकामा कॅन. नमिताकडं ताट-वाटी. माझ्याकडं परात आणि लाटणं. भाभींनी स्वतःसाठी घेतली नुसती एक बादली, हमीदची, कुंपणाबाहेर पडलेली. वळसा घालून गेलो, कुणी बोलायचं नाही. रहमानभाईंना शिंक आली ती त्यांनी कढईच्या झाकणात घातली.

पलीकडं पोचलो, ओळ धरली. भाभी हळूच म्हणाल्या, “मी हात वर केला की हाका घालायचा. दुसरं काय ओरडायचं नाय. आमच्या गावात एकच शब्द. हाऽऽक! हाऽऽक! आणि पळायचं नाय. पळाला तो जनावर, उभा राहिला तो माणूस.”

खाली बोरीच्या सावलीत नवाब उभा होता, आमच्याकडं पाठ करून. हात वर झाला.

“हाऽऽक! हाऽऽक! हाऽऽक!” आणि पळ्या, झारे, लाटणं, ढणाढण! वाळवंटात असा आवाज कधी झाला नसेल. पन्नास वर्षांत मी इतका मोकळा ओरडलो नव्हतो. शोभा तर पातेल्यावर अशी तुटून पडली की मला तिची जरा भीतीच वाटली.

नवाबनं मान वर केली. कान हलवले. आता पळणार फाटकाकडं, आम्ही जिंकलो! आणि तो वळला. आमच्याकडं वळला! आधी चालत, मग दुडक्या चालीनं, मग चांगला वेग धरून, शिंगं उंच, सरळ आमच्या ओळीवर!

ओळ कुठली राहतेय? मिहीर एकीकडं, नमिता एकीकडं. रहमानभाई झाकणाची ढाल करून बोरीच्या मागं. मी परात टाकली. खोटं कशाला सांगू, शोभासुद्धा माझ्या पुढं होती. मागं वळून बघतो तर रबियाभाभी जागच्या हललेल्या नाहीत. बादली हातात, पाय वाळूत रोवलेले, ओढणी वाऱ्यावर. आणि तोंडानं अजून “हाऽऽक! हाऽऽक!” चाललेलं, कारण हाका थांबवायचा नसतो!

नवाब त्यांच्यासमोर येऊन थांबला. त्या तलवारींची टोकं भाभींच्या डोक्याच्याही वर. मान खाली घातली. आणि बादलीत तोंड घातलं. बादली रिकामी होती. त्यानं तोंड काढून भाभींकडं असं बघितलं, जसं वाढायला उशीर झाला की रहमानभाई बघतात.

तिकडं फाटकावरून हमीद दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होता. “फुफी! हाक नको! हाक म्हणजे घे! अरबीत हाक म्हणजे घे! मी रोज बादली वाजवून हेच म्हणतो त्याला! जेवायला बोलावताय तुम्ही!”

आता बोला! संगमेश्वराच्या डोंगरात ज्या शब्दानं डुकरं रान सोडून पळायची, त्याच शब्दाला हा पठ्ठ्या लहानपणापासून जेवायला येत होता.

दुसरं कुणी असतं तर गोंधळलं असतं. भाभींनी क्षणभर त्या तोंडाकडं बघितलं, आणि काय हसल्या! अंग हलेपर्यंत हसल्या, पण पाय न हलवता. मग तसंच हसू तोंडात धरून आम्हाला म्हणाल्या, अगदी हळू आवाजात, “मागं व्हा सगळे. उलटं झालंय. आता मी पुढं आणि तो मागं. तुम्ही त्याच्या मागनं या, गुपचूप. ताई, डबा.”

शोभानं लांबूनच पिठाचा डबा वाळूवरून सरकवला. भाभींनी कणीक बादलीत ओतली, बादलीवर बोटांनी टिचकी मारली, आणि फाटकाकडं तोंड करून चालायला लागल्या. “हाक रे बाबा, हाक. हाक रे नवाब.” तलवारी त्यांच्या पाठीशी. एकदाही मागं बघितलं नाही. मी विचारलं नंतर, भीती नाही वाटली? तर म्हणाल्या, वाटली की, म्हणून तर बोलत राहिले.

असा हाका तुम्ही कुठं बघितलाय का? शिकारी पुढं, शिकार मागं, आणि शिकारीच्या मागं परात-लाटणं पोटाशी धरून आम्ही, लग्नाच्या वऱ्हाडासारखे. फाटक दिसायला लागलं. हमीद दगडासारखा बसलेला, फक्त ओठ हलत होते, दुवा मागत असणार.

आणि तेवढ्यात आवाज आला. गाड्या.

टेकाडावरून दोन गाड्या वर आल्या, मागं धुळीचा लोट. नवाब थबकला. मान ताठ, कातडी थरथरायला लागली. आता तो उधळला की संपलं. भाभींनी बादली डाव्या हातात घेतली आणि उजवा हात गाड्यांकडं उंच केला. पाची बोटं एकत्र जुळवून, वर करून, हलकेच हलवली. इथं ती खूण सगळ्यांना कळते. जरा धीर धर. आई लेकराला करते, पोलीस ड्रायव्हरला करतो. ह्या बाईनं ती मजऱ्याच्या मालकाला केली!

पुढची गाडी थांबली. इंजिन बंद झालं. पुतण्या दुसऱ्या गाडीतून उतरून काहीतरी जोरात बोलायला लागला, तर आतून खलीलनं त्याला हातानंच गप्प केलं. मग म्हातारा खाली उतरला. पांढरा लांब झगा, हातात काठी. त्यानं बघितलं: एक अनवाणी बाई, तिच्या मागं त्याचा नवाब, आणि मागं आम्ही भांडीकुंडी घेऊन. त्यानं पायातल्या चपला काढल्या, गाडीपाशी ठेवल्या, आणि येऊन आमच्या ओळीत सगळ्यात शेवटी चालायला लागला. रहमानभाईंच्या शेजारी. रहमानभाईंनी सलाम केला, तोही झाऱ्यासकट.

“हाक रे बाबा, हाक.” भाभींचा आवाज तोच, तितकाच सावकाश. नवाबच्या कातडीची थरथर थांबली. एक पाऊल. आणखी एक. भाभी फाटकातून आत शिरल्या, बादली खाली ठेवली, आणि कुंपणाच्या कडेनं चालत बाहेर आल्या. नवाबचं तोंड बादलीत. हमीद उठला आणि त्यानं फाटक लावलं. कडी घातली, मग पुन्हा हलवून बघितली, मग पुन्हा.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शोभा तिथंच वाळूवर बसली. भाभींनी ओढणीची गाठ सोडून किल्ली मिहीरच्या हातात दिली आणि चपला पायात घातल्या.

खलील फाटकापाशी आला.  मग त्यानं भाभींकडं वळून हिंदीत विचारलं, “बहन, ये दरवाज़ा खुला किसने छोड़ा?”

 हमीदचा चेहरा कणकेसारखा. तो पुढं सरकून बोलणार, तर भाभींनी त्याचा दंड धरून मागं ओढला. त्यांना हिंदी चांगलं येतं. पण त्या वेळी त्या घरच्या बोलीत बोलल्या, सरळ म्हाताऱ्याच्या डोळ्यात बघून, आणि हमीदनं स्वतःच्याच वकिलीचं भाषांतर कसं करायचं म्हणून आमच्या मिहीरनं ते खलीलला हिंदीत करून सांगितलं. ऐकल्यावर खलील इतका हसला की काठीवर रेलून उभा राहिला. आता आमच्या नमिताला पुरणपोळी शिकवून तिच्याकडून सांदण शिकायला हनिया दर शुक्रवारी येते... छे, उलटं सांगितलं, सांदण तिचं, पुरणपोळी आमची. म्हणजे पुढं काय झालं ते तुम्हाला कळलंच. म्हणून शेवटचा शब्द मी माझा ठेवत नाही. रबियाभाभी त्या दिवशी फाटकापाशी काय बोलल्या तेच सांगतो, एक शब्द इकडचा तिकडं न करता:

“मालक, उघडं ज्यानं टाकलं त्यानंच ते आता बंद केलं, तुम्ही डोळ्यानं बघितलंत. आमच्या गावात हाका झाला की चालला त्याला वाटा नि खिंडीत बसला त्यालापण वाटा, कुत्र्याचासुद्धा चुकत नाय. तुम्ही अनवाणी चाललात, तुमचा वाटा तो काय आत कणीक खातोय. ह्या पोराचा वाटा रत्नागिरीला वाट बघत बसलाय, तेवढा आणून द्या.”